तिरपी सेरिफविरहित मुद्राक्षरे

तिरपी सेरिफविरहित मुद्राक्षरे : ज्या मुद्राक्षरांचे उभे दंड उजवीकडे कललेले असतात आणि ज्यांच्या रेषांच्या टोकांना सेरिफ नावाचे बारीक आडवे फाटे नसतात, अशा मुद्राक्षरांचा वर्ग. रोमन लिपीच्या मुद्रणात ही मुद्राक्षरे इटॅलिक अथवा ऑब्लिक या नावांनी ओळखली जातात. बहुधा ती स्वतंत्रपणे वापरली जात नाहीत. एखाद्या उभ्या मुद्राक्षर-कुलाची जोडरूपे म्हणून त्यांची आखणी होते आणि मजकुरातील निवडक शब्द वेगळे दाखविणे हे त्यांचे मुख्य कार्य असते. देवनागरी लिपीत अशी मुद्राक्षरे अलीकडे संगणकामुळे सर्रास दिसू लागली आहेत. परंतु देवनागरीची ठेवण रोमन लिपीहून मूलतः भिन्न असल्याने केवळ अक्षरे कलविल्याने तिचे भागत नाही. हा भेद समजण्यासाठी प्रथम रोमन लिपीतील तिरप्या अक्षरांची उत्पत्ती व रचना पाहणे आवश्यक आहे.

परिभाषा : तिरप्या मुद्राक्षरांचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात अक्षरांना भरभर लिहिलेल्या हस्ताक्षराचे वळण असते. त्यांत कल तर असतोच, पण काही अक्षरांचे रूपही बदलते. उदा., रोमन लिपीतील ‘ए’ हे लहान अक्षर उभ्या रूपात दुमजली असते, तर तिरप्या रूपात ते एकमजली होते. यास खऱ्या अर्थाने इटॅलिक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात उभ्या अक्षरांचे मूळ रूप कायम ठेवून त्यांना फक्त कल दिलेला असतो. यास ऑब्लिक म्हणतात. सेरिफविरहित मुद्राक्षरांत दुसरा प्रकार अधिक आढळतो. कारण या अक्षरांची घडण लेखणीपेक्षा भूमितीला जवळची असते आणि तिच्यात हस्ताक्षराचे वळण सहजासहजी सामावत नाही.

इतिहास : तिरप्या मुद्राक्षरांचा उगम इटलीत झाला. व्हेनिस येथील मुद्रक-प्रकाशक आल्डस मानुशिअस यांच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो यांनी ती कोरली आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची लहान आकाराची आवृत्ती त्यांत छापण्यात आली. तत्कालीन विद्वानांचे आणि कचेऱ्यांतील लेखनिकांचे जलद हस्ताक्षर हा त्यांचा आदर्श होता. आरंभी संपूर्ण ग्रंथ या अक्षरांत छापले जात आणि त्यांच्या जोडीला वापरलेली मोठी अक्षरे उभीच असत. पुढे सोळाव्या शतकाच्या ओघात उभ्या व तिरप्या अक्षरांची जोडी जमली आणि तिरप्या अक्षरांकडे दुय्यम, पण निश्चित स्वरूपाचे काम आले.

सेरिफविरहित मुद्राक्षरे त्यानंतर तीनशे वर्षांनी अवतरली. इंग्लंडमधील विल्यम कॅझ्लन (चौथे) यांच्या १८१६ च्या नमुनापुस्तकात ती प्रथम दिसतात. त्यांत केवळ मोठी अक्षरे होती. लहान अक्षरे वा तिरपी रूपे नव्हती. व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८३२ च्या सुमारास अशा अक्षरांना ‘सॅन्स-सेरिफ’ हे नाव दिले. जाहिराती, दुकानांच्या पाट्या आणि मथळे हेच त्यांचे प्रारंभीचे क्षेत्र होते. विसाव्या शतकात पुस्तकांच्या मजकुरासाठीही ती वापरावीत असा विचार पुढे आला, तेव्हा त्यांना जोडीच्या तिरप्या रूपाची गरज निर्माण झाली.

या गरजेला दोन उत्तरे मिळाली. पाउल रेनर यांच्या फ्युचुरा (१९२७) या वर्तुळ व सरळ रेषांवर आधारलेल्या मुद्राक्षराला केवळ कललेली रूपे देण्यात आली. एरिक गिल यांच्या गिल सॅन्स (१९२८) या मुद्राक्षराच्या तिरप्या रूपात मात्र हस्ताक्षराची छटा राखली गेली. त्यातील ‘ए’ एकमजली आहे. याच सुमारास, १९२६ मध्ये, स्टॅन्ली मॉरिसन यांनी ‘द फ्लूरन’ या मुद्रणविषयक नियतकालिकात असा विचार मांडला होता, की उभ्या अक्षरांची आदर्श सोबतीण ही हस्ताक्षरातून आलेली इटॅलिक नसून उभ्या अक्षरांचेच कललेले रूप होय. सेरिफयुक्त अक्षरांच्या बाबतीत हे मत टिकले नाही; सेरिफविरहित अक्षरांत मात्र ते बव्हंशी रूढ झाले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले हेल्व्हेटिका (मूळ नाव नॉय हास ग्रोटेस्क) आणि त्याच वर्षी आड्रिआन फ्रूटिगर यांनी सिद्ध केलेले युनिव्हर्स या दोन्ही कुलांतील तिरपी रूपे कलविलेल्या प्रकारची आहेत. युनिव्हर्समध्ये प्रत्येक रूपाला दोन अंकी क्रमांक दिलेला असून उदा., ५५ हे साधे उभे रूप, तर ५६ हे त्याचेच तिरपे रूप होय. जाडी, रुंदी व कल यांची आधीच ठरविलेली मालिका एकाच वेळी आखण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होता.

रचनातत्त्वे : कागदांची उभी थप्पी बाजूने हलकेच ढकलली, तर प्रत्येक कागद आडवाच राहतो, पण वरचा कागद खालच्यापेक्षा पुढे सरकतो. अक्षर कलविण्याची भौमितिक क्रिया हीच होय. उंची कायम राहते आणि प्रत्येक बिंदू आपल्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे जातो. कल १२ अंशांचा असेल, तर १० मिमी. उंचीच्या अक्षराचा माथा सु. २·१ मिमी. पुढे येतो.

या क्रियेत क्षेत्रफळ बदलत नाही, पण रेषांची लांबी व जाडी बदलते आणि तीही दिशेनुसार वेगवेगळ्या प्रमाणात. आडवी रेषा जशीच्या तशी राहते. उभा दंड किंचित लांब व सु. २ टक्क्यांनी बारीक होतो. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी ४५ अंशांची रेषा सु. ११ टक्क्यांनी लांबते व तितकीच बारीक पडते. याउलट डावीकडून उजवीकडे उतरणारी ४५ अंशांची रेषा सु. १० टक्क्यांनी आखूड व जाड होते. परिणामी सम जाडीच्या वर्तुळाचे रूपांतर लंबगोलात होते एवढेच नव्हे, तर त्याची वरची उजवी व खालची डावी बाजू जाड, तर उरलेल्या दोन बाजू बारीक दिसू लागतात. सेरिफविरहित अक्षरांचा मुख्य गुण रेषेचा समतोलपणा हा असल्याने हा दोष त्यांत चटकन डोळ्यांत भरतो. म्हणून कुशल आरेखक अक्षर कलविल्यानंतर वक्र भाग पुन्हा हाताने आखतो, जाडी सम करतो, रुंदी थोडी घटवितो आणि कलामुळे बदललेली अक्षरांमधील अंतरे नव्याने ठरवितो. हे संस्कार झालेले तिरपे रूप आणि यंत्राने नुसते ढकललेले रूप यांतील फरक सामान्य वाचकाला सांगता आला नाही, तरी दुसरे वाचताना त्याचा डोळा लवकर शिणतो.

देवनागरीतील समस्या : रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. देवनागरीत सेरिफ ही कल्पनाच मुळात नाही. बोरूच्या तिरक्या टाकामुळे येणारा जाड-बारीक भेद हे पारंपरिक देवनागरी मुद्राक्षराचे लक्षण असल्याने, ज्या अक्षरांत हा भेद जवळजवळ नाहीसा केलेला असतो आणि रेषांची टोके बोथट, सरळ कापलेली असतात, त्यांना देवनागरीतील सेरिफविरहित अक्षरांचे समकक्ष मानण्यात येते. शिवाय देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेचा असतो. रोमन लिपीत उजवीकडे उतरणाऱ्या रेषा जाड, तर देवनागरीत त्या बारीक आणि उजवीकडे चढणाऱ्या रेषा जाड असतात. वर सांगितल्याप्रमाणे उजवा कल दिला, की नेमके उलटे घडते : जाड हवी ती रेषा बारीक होते आणि बारीक हवी ती जाडावते. म्हणजे पारंपरिक वळणाच्या देवनागरीला उजवा कल तिच्या स्वभावाविरुद्ध जातो. सम जाडीच्या अक्षरांना तो त्या मानाने सोसतो, हे देवनागरीतील बहुतेक तिरपी अक्षरे सेरिफविरहित धाटणीची का असतात याचे एक कारण होय.

अक्षरांच्या घडणीनुसार कलाचा परिणाम कसा बदलतो, हे एखाद्या शब्दावरून स्पष्ट होते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील ‘टोकावडे’ हे ग्रामनाम त्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या चार अक्षरी शब्दात देवनागरीतील घडणीचे तिन्ही मुख्य प्रकार येतात. ‘व’ हे शेवटी काना असलेले अक्षर, ‘क’ हे मध्ये दंड असलेले अक्षर, तर ‘ट’ आणि ‘ड’ ही पूर्ण उंचीचा दंड नसलेली, शिरोरेषेला आखूड मानेने लटकणारी अक्षरे आहेत. शब्द कलविला असता ‘टो’ आणि ‘का’ यांतील काने तसेच ‘क’ व ‘व’ यांचे दंड हे सर्व समांतर कलतात आणि डोळ्याला कल ताबडतोब जाणवतो. ‘ट’ व ‘ड’ यांत मात्र कल दाखविणारा दंडच नाही. त्यांचा गोल भाग मानेच्या खालून डावीकडे सरकतो. त्यामुळे ती कललेली न वाटता मागे झुकलेली किंवा अस्थिर वाटतात आणि त्यांच्या मागील मोकळी जागा आकसते. ती सावरण्यासाठी मानेची जागा थोडी बदलावी लागते आणि गोलाचा झोक कमी करावा लागतो.

मात्रांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ‘टो’ आणि ‘डे’ यांवरील मात्रा शिरोरेषेपासून वर डावीकडे जातात. मात्रेचा मूळ कोन उभ्या रेषेशी ४५ अंशांचा धरला, तर १२ अंशांच्या कलानंतर तो सु. ३८ अंशांवर येतो. मात्रा आखूड, जाड आणि अधिक उभी होते. कल २० अंशांपर्यंत वाढविला, की ती अनुस्वाराजवळ वा रफाराजवळ आल्यास त्यांच्यातील फट बुजण्याचा संभव असतो. ह्रस्व वेलांटीची कमान पुढील अक्षराकडे सरकते, तर दीर्घ वेलांटीचे डावे टोक आपल्याच अक्षरावरून मागे हटते. पायमोड करणारे हलन्तचिन्ह उजवीकडे उतरणारे असल्याने ते उभे होत जाते. पूर्णविरामदर्शक दंड कलला, की तो तिरप्या विकल्परेषेसारखा दिसू लागतो. ‘र’ व ‘स’ यांच्या उजवीकडे उतरणाऱ्या पायांची जाडी वाढते. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ यांच्या बारीक पोकळ्या लहान आकारात बुजतात. ही दोन्ही रूपे महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेसाठी प्रमाण म्हणून निश्चित केलेली असल्याने मराठी तिरप्या मुद्राक्षरात त्यांची उपेक्षा करता येत नाही. एकटी शिरोरेषा तेवढी अबाधित राहते. आडवी असल्याने तिच्यावर कलाचा परिणाम होत नाही, फक्त तिची टोके तिरपी कापली जातात. शब्द एकसंध दिसण्याची हमी तीच देते. परंतु तिच्या स्थिरपणामुळे कल निम्माच जाणवतो. त्यामुळे रोमन लिपीत सौम्य वाटणारा कल देवनागरीत अपुरा आणि पुरेसा वाटणारा कल चिन्हांना अपायकारक, अशी कोंडी निर्माण होते.

मोडी लिपी व कल : मराठीला जलद लेखनाची परंपराच नव्हती, असे मात्र नाही. ग्रंथलेखनासाठी बाळबोध आणि दप्तरी लेखनासाठी मोडी, अशी दोन लेखनरूपांची जोडी मराठीत कित्येक शतके नांदली. मोडीत प्रथम संपूर्ण ओळीची शिरोरेषा आखून घेत व नंतर शक्यतो हात न उचलता अक्षरे तिच्याखाली गुंफीत. वेगामुळे अक्षरांना गोलाई व झोक आला, काहींची रूपे बाळबोधीहून पार बदलली. इटलीतील कचेरी-हस्ताक्षर आणि मोडी यांच्या उत्पत्तीमागील कारण असे सारखेच आहे. पुढील वाटचाल मात्र भिन्न झाली. इटलीतील हस्ताक्षर मुद्रणात शिरले व उभ्या अक्षरांचे सोबती बनले. मोडीचे खिळेही तयार झाले होते. विल्यम केरी यांचा १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत आहे. परंतु महाराष्ट्रातील मुद्रण बाळबोध वळणावर स्थिरावले आणि मोडी हस्तलिखितांपुरती उरली. एकाच पानावर बाळबोध मजकूर आणि मोडी वळणाचा निवडक शब्द, अशी जोडी मुद्रणात कधी जमलीच नाही. २०१४ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत मोडीचा समावेश झाला असल्याने तिच्या मुद्राक्षरांचा मार्ग पुन्हा खुला झाला आहे. देवनागरीला अस्सल इटॅलिक हवे असेल, तर त्याचे वळण रोमन कलात न शोधता मोडीच्या प्रवाही रेषेत शोधावे, हा विचार म्हणूनच लक्षणीय ठरतो. [⟶ मोडी लिपी].

मराठी मुद्रणातील स्थिती : मराठी भाषेतील मुद्रण प्रथम रोमन लिपीत झाले. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे रोमन अक्षरांत छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) देवनागरी खिळ्यांना जे सुबक वळण दिले, ते पुढे मराठी व संस्कृत मुद्रणाचे प्रमाण ठरले. या सर्व काळात देवनागरीचे तिरपे खिळे मजकुरासाठी रूढ झाले नाहीत. त्याचे कारण रुचीपेक्षा खर्चात होते. रोमन लिपीचा एक संच सु. शंभर खिळ्यांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि स्वरचिन्हे मिळून कित्येक शे खिळे लागतात. प्रत्येक आकारासाठी त्यांची दुसरी तिरपी मालिका कोरणे, ओतणे आणि जुळाऱ्याच्या केसांत सांभाळणे छापखान्यांना परवडणारे नव्हते. त्यातच मात्रा व वेलांट्या अक्षरांवर वेगळ्या खिळ्यांनी बसवावयाच्या असल्याने कललेल्या खिळ्यांची टोके शेजारच्या खिळ्यावर झुकून मोडण्याचा धोका असे.

लायनोटाइप यंत्रात रोमन लिपीच्या एकाच साच्यावर उभे व तिरपे अशी दोन रूपे कोरण्याची सोय होती. त्यामुळे दोन्हींची रुंदी सारखीच ठेवावी लागे आणि तिरपी अक्षरे नैसर्गिक रुंदीपेक्षा पसरट होत. देवनागरीला मात्र ही तडजोडही साधली नाही; ९० खणांच्या पेटीत देवनागरीची आवश्यक चिन्हेच कशीबशी मावत. या यंत्रमर्यादांतून देवनागरीच्या सुधारणेची जी चर्चा झाली, तिचा व एकंदर देवनागरी मुद्राक्षरविद्येचा विस्तृत परामर्श बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या तीन खंडांच्या ग्रंथात आढळतो.

तिरप्या अक्षरांच्या अभावी मराठी मुद्रकांनी आपली स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली. महत्त्वाचे शब्द ठळक खिळ्यांत, ग्रंथनामे एकेरी अवतरणचिन्हांत, परके शब्द तसेच किंवा कंसात, दीर्घ अवतरणे लहान आकारात व समास वाढवून छापण्याचा प्रघात पडला. हस्तलिखित पोथ्यांत हेच काम तांबड्या शाईने व दंडांनी होत असे. ही व्यवस्था आजही पुरेशी कार्यक्षम आहे.

संगणकामुळे परिस्थिती बदलली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आरेखिलेला मंगल हा देवनागरी फाँट विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचला. त्याला तिरपे रूप नव्हते. पण शब्दसंस्कारकातील तिरपेपणाची कळ दाबली, की संगणक उभी अक्षरे यंत्रवत ढकलून दाखवी. अशा रीतीने कोणी न आखलेली तिरपी देवनागरी पत्रके, प्रश्नपत्रिका, निमंत्रणे आणि शासकीय पत्रव्यवहार यांत पसरली. वर वर्णिलेले बहुतेक दोष या ढकललेल्या अक्षरांत आढळतात. नंतरच्या काळातील आरेखकांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. मुंबईतील एक टाइप या गटाच्या मुक्ता या सम जाडीच्या कुलात ७ जाडींची रूपे आहेत, पण तिरपे एकही नाही; भेद दर्शविण्याचे काम जाडीवर सोपविलेले आहे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्स या भौमितिक कुलात ९ जाडी असून प्रत्येकीला तिरप्या रूपाची जोड आहे. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी आखली. अडोबी देवनागरी या जाड-बारीक रेषांच्या मुद्राक्षरालाही तिरपे रूप आहे. देवनागरीला तिरप्या रूपाची गरज आहे किंवा नाही, याविषयी जाणकारांत एकमत नसल्याचे यावरून दिसते.

उपयोग : रोमन लिपीच्या मजकुरात तिरपी अक्षरे ग्रंथ व नियतकालिकांची नावे, परभाषेतील शब्द, जहाजांची नावे आणि वाक्यातील जोर दाखविण्यासाठी वापरतात. वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रीय द्विपद नामांसाठी त्यांचा वापर जगभर रूढ आहे. गणित व भौतिकीत राशींची चिन्हे तिरपी आणि एककांची चिन्हे उभी छापण्याचा संकेत आहे. त्यामुळे वस्तुमानाचे चिन्ह व मीटरचे चिन्ह हे एकच रोमन अक्षर असूनही घोटाळा होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रदिश राशींसाठी तर तिरपी, ठळक व सेरिफविरहित अक्षरेच सुचविलेली आहेत. या ठिकाणी अक्षराचा कल हा अलंकार नसून अर्थाचा भाग असतो.

अभियांत्रिकी आरेखनात या अक्षरांचे आणखी एक क्षेत्र आहे. आंतरराष्ट्रीय व भारतीय मानकांत आरेखनावरील अक्षरे उभी किंवा आडव्या रेषेशी ७५ अंशांचा कोन करणारी, म्हणजे १५ अंश कललेली असावीत असे सांगितले आहे. ही अक्षरे एकाच जाडीच्या रेषेची, सेरिफविरहित असतात. त्यांच्या प्रमाण उंची २·५, ३·५, ५, ७, १०, १४ व २० मिमी. अशा असून रेषेची जाडी उंचीच्या १/१४ किंवा १/१० ठेवतात. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतून शिकलेल्या अनेक पिढ्यांनी अशी कललेली अक्षरे टी-चौकट व पेन्सिल घेऊन गिरविली. संगणकीय आरेखनानंतर हा सराव कमी झाला आहे.

नकाशाशास्त्रात नद्या, तलाव, खाड्या व समुद्र यांची नावे तिरप्या अक्षरांत आणि वस्त्यांची नावे उभ्या अक्षरांत देण्याची पद्धत प्रचलित आहे. मुरबाड तालुक्याच्या नकाशात या पद्धतीने टोकावडे, सरळगाव, मुरबाड ही नावे उभी आणि काळू नदीचे नाव प्रवाहाच्या कडेने तिरपे येईल. शेजारच्या शहापूर तालुक्यात ‘भातसा’ हे नाव नदी म्हणून आले आहे, हे नदी शब्द न लिहिताही कळेल. डोंगराळ मुलखात जेथे गावे, पाडे, नद्या व घाट यांच्या नावांची दाटी होते, तेथे ही सोय विशेष मोलाची ठरते. मराठी नकाशांतही तिचा अवलंब करता येतो. कारण येथे शब्द सुटे असतात, आकार थोडा मोठा ठेवता येतो आणि निळ्या रंगाची साथ असते.

जाहिरात, चित्रपटांची भित्तिपत्रके, क्रीडासाहित्य आणि वाहनांवरील लेखन यांत तिरपी ठळक अक्षरे गती व जोम सूचित करतात. हाताने पाट्या रंगविणारे कारागीर कल देताना प्रत्येक अक्षर स्वतंत्र आखतात व मात्रांचा झोक नजरेने सावरतात. त्यामुळे त्यांची तिरपी देवनागरी यंत्राने ढकललेल्या देवनागरीपेक्षा बहुधा सुबक असते.

मर्यादा : सलग दीर्घ मजकुरासाठी तिरपी अक्षरे उपयुक्त नाहीत. त्यांचे कार्य वेगळेपणावर अवलंबून असल्याने संपूर्ण परिच्छेद तिरपा छापला, की वेगळेपण संपते आणि वाचनाचा शीण तेवढा उरतो. नवसाक्षर, लहान मुले व मंददृष्टी वाचक यांच्यासाठी छापलेल्या साहित्यात ती टाळणे इष्ट होय; कारण त्यांना अक्षराची ओळख त्याच्या स्थिर रूपावरूनच पटत असते. औषधांची वेष्टने, सूचनाफलक आणि जमिनीचे दस्तऐवज यांत एका मात्रेच्या किंवा अनुस्वाराच्या चुकीच्या वाचनाने अर्थ बदलतो. म्हणून तेथे यंत्राने ढकललेली देवनागरी वापरणे धोक्याचे आहे.

रस्त्यांवरील फलकांना हेच तत्त्व अधिक कठोरपणे लागू होते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. १७ मी. अंतर कापते, फलक दिसल्यापासून तो मागे पडेपर्यंत चालकाला काही क्षणच मिळतात. ब्रिटनमधील रस्त्यांच्या फलकांसाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेली ट्रान्स्पोर्ट ही मुद्राक्षरे सेरिफविरहित, पण उभी आहेत, ती याच कारणाने. कल्याणहून मुरबाड, टोकावडे व माळशेज घाट या मार्गाने अहिल्यानगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर पावसाळ्यात घाटभागात दाट धुके असते. अशा ठिकाणी अक्षराची बाह्याकृती हीच वाचनाची मुख्य खूण असते. मात्रेची फट स्पष्ट असणारी, खुल्या पोटाची, उभी व मध्यम जाडीची देवनागरी तेथे सुरक्षिततेचे साधन ठरते. गतीचा आभास निर्माण करणारी तिरपी अक्षरे त्या कामाला निरुपयोगी होत.

देवनागरीसाठी तिरपी मुद्राक्षरे आखावयाची झाल्यास काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. कल सौम्य असावा व सर्व दंडांना सारखा असावा; मात्रा, वेलांट्या व रफार यांना तोच कल यांत्रिकपणे न लावता त्यांचे कोन स्वतंत्रपणे ठरवावेत; दंडरहित अक्षरांचा तोल वेगळा साधावा; आणि लहान आकारात बुजणाऱ्या पोकळ्या वाढवाव्यात. एवढे श्रम घेतले, तरच ती उभ्या अक्षरांची खरी जोडीदार ठरतील. तोपर्यंत ठळक अक्षर, अवतरणचिन्ह व आकारभेद ही मराठी मुद्रणाची जुनी साधनेच अधिक विश्वासार्ह राहतील. [⟶ मुद्रण, देवनागरी लिपी].